सतराव्या धड्यातले एकोणीस सेकंद

मिस्त्रीला स्वतःचा आवाज आवडत नसे. त्यामुळे कंपनीसाठी त्याने घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे चोवीस धडे रेकॉर्ड केले खरे, पण त्यातला एकही कधी पाहिला नाही. इस्त्री, पंखा, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, सगळं त्याने पुढच्या खोलीतल्या टेबलावर उघडलं, फोनच्या काचेकडे बघत समजावलं, पुन्हा जोडलं आणि धडा कंपनीकडे धाडून दिला. पुढे त्याचं काय होतं याची त्याने चौकशी केली नाही. दुरुस्त करून दिलेली इस्त्री गिऱ्हाइकाच्या घरी कशी नांदते, हे तरी तो कुठे बघायला जात होता?

मुळात हे शिकवण्याचं खूळ त्याचं नव्हतंच. तीस वर्षं त्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल. काउंटरवर बायको, टेबलापाशी तो. फोन घेणं, चिठ्ठ्या लिहिणं, "उद्या या" म्हणून सांगणं आणि उद्या आलेल्या माणसाशी हुज्जत घालणं, हे सगळं खातं तिचं. ती सकाळी बोलायला सुरुवात करायची ती शटर पाडेपर्यंत. बायको गेली आणि गिऱ्हाइकं थेट त्याच्याशी बोलू लागली. तो नुसता "हं" म्हणायचा. माणसं किती दिवस "हं" ऐकून घेणार? वर्षभरात दुकान बंद झालं. टेबल, दिवा आणि हत्यारं घरी आली.

लांब परदेशात असलेल्या मुलीने मग ही कंपनी शोधून काढली. "बाबा, नुसते बसून राहू नका. तुमच्या हातात जे आहे ते लोकांना शिकवा." कंपनीच्या समन्वयकाचा फोन आला. पोराच्या तोंडात नुसती साखर. "सर, तुमच्यासारखी माणसं म्हणजे खजिना आहेत सर!" मिस्त्रीला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. तो भुलला, आणि त्यात त्याची फार चूक होती असं नाही. त्याला वाटलं, शिकवायचं म्हणजे समोर माणसं येणार. एखादा हुशार असेल, एखादा ढ असेल, एखादी सारखी शंका काढून हैराण करील. घरात पुन्हा जरा कलकल होईल.

प्रत्यक्षात समोर आला फोन, आणि फोनवर रेकॉर्डिंगचा एक लाल ठिपका. शिकणारे म्हणजे नुसते आकडे. शिकाऊ एकशे सात, शिकाऊ दोनशे नव्वद. कंपनीने मोठ्या अभिमानाने कळवलं होतं की तुमचा वर्ग अकराशे जणांनी घेतला आहे. अकराशे माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि घरातलं दूध नासलंय का हे वास घेऊन सांगायला एक माणूस नव्हतं. समन्वयकाचे एकूण तीन फोन आले. त्यानंतर तो जो गडप झाला, तो झालाच.

मंगळवारी सकाळी फोनवर कंपनीची खूण उमटली. एका शिकाऊचा प्रश्न होता.

"सर, धडा सतरा. मायक्रोवेव्हचं झाकण काढल्यावर लगेच आत हात घालायचा का? शेजाऱ्यांचा बंद पडलेला आणलाय. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा उघडीन. शिकाऊ ४१२."

मिस्त्री हसला. काय पण प्रश्न! मायक्रोवेव्हच्या पोटात कपॅसिटर असतो. प्लग काढून ठेवला तरी तो वीज धरून बसतो, कधीकधी कितीतरी वेळ. आधी डावा हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही; मग त्याची दोन टोकं स्क्रूड्रायव्हरने जोडून त्याला रिकामा करायचा, ठिणगीची टक ऐकायची आणि मगच हात घालायचा. नाहीतर तो माणसाला भिंतीवर फेकतो, आणि फेकलेला माणूस उठेलच असं नाही. हे तर धड्यात स्पष्ट दाखवलं होतं. की नव्हतं? मनात कुठेतरी पाल चुकचुकली. त्याने चष्मा पुसला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचा धडा लावला.

पडद्यावरचा मिस्त्री म्हणाला, "आता मी काय करतो ते नीट बघा." त्याने झाकण उचलून बाजूला ठेवलं. आणि पुढच्याच क्षणी त्याचा उघडा हात कपॅसिटरवर होता. मधलं काही नव्हतंच. स्क्रूड्रायव्हर नाही, ठिणगी नाही, पाठीमागे घेतलेला डावा हात नाही. कोणीतरी कात्री लावल्यासारखे ते सेकंद नाहीसे झाले होते.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पुन्हा लावून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. "नीट बघा" म्हणत तोच माणूस अकराशे जणांना मरणाचा रस्ता दाखवत होता, आणि आवाजही त्याचाच होता.

आता त्याची शिकवण्याची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथेच होता. ज्याच्या हाताखाली तो काम शिकला, त्या वस्तादाचा एकच नियम होता. हात जोखमीचं काम करत असेल तेव्हा तोंड बंद. बोललास की बघणारा तोंडाकडे बघतो, आणि तुझं स्वतःचंही लक्ष उडतं. मिस्त्रीने हा नियम जन्मभर पाळला. दुकानात तर त्याच्या बायकोनेही पाळला. ती काउंटरवर अखंड बोलत असायची, पण मागे मायक्रोवेव्हचं झाकण निघाल्याचा आवाज आला की वाक्याच्या मध्यात गप्प व्हायची. गिऱ्हाईक समोर असलं तर त्यालाही बोटाने गप्प करायची. मागून ठिणगीची टक ऐकू आली की वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू. तीस वर्षांत तिने एकदाही मागे वळून "झालं का?" म्हणून विचारलं नाही.

मिस्त्रीने शिकाऊ ४१२च्या प्रश्नाखाली उत्तर लिहायला बोट ठेवलं, तर तिथे लिहायला जागाच नाही! प्रशिक्षकाने शिकणाऱ्यांशी थेट बोलू नये असा कंपनीचा नियम. त्याऐवजी तीन तयार उत्तरं, हवं ते दाबा.

"छान प्रश्न! धडा पुन्हा पाहा."

"धन्यवाद! असेच शिकत राहा."

"तुमचा उत्साह कौतुकास्पद आहे."

धडा पुन्हा पाहा म्हणजे पुन्हा तोच उघडा हात पाहा! मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने एकही उत्तर न दाबता मदतकक्षाचा नंबर फिरवला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड, पण पाठ केलेला.

"सर, आपली अडचण आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे."

"अहो, माझी अडचण नाही हो ती. धड्यातला एक तुकडा गेलाय. एखाद्याचा जीव जाईल."

"एक मिनिट हं सर, बघते." तिकडे कळा वाजल्या. "सर, तुकडा गेलेला नाहीये. तीन सेकंदांहून जास्त शांतता असली की आपली यंत्रणा ती आपोआप काढून टाकते. त्याने शिकणाऱ्याचं लक्ष टिकतं. तुमच्या धड्यात सलग एकोणीस सेकंद शांतता होती."

"शांतता नव्हती ती बाई. काम चालू होतं."

"हो सर. पण आवाज नव्हता ना."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. निदान तो धडा खाली तरी उतरवा, म्हणून त्याने गळ घातली. तक्रार नोंदवते, म्हणाली, दहा कामाच्या दिवसांत उत्तर येईल. आज मंगळवार, आणि ते पोर रविवारी झाकण उघडणार. मिस्त्रीने हेही सांगून पाहिलं. मुलगी क्षणभर गप्प झाली. तेवढ्या एका क्षणात ती खरी वाटली. मग म्हणाली, "सर, माझ्या हातात इतकंच आहे हो."

बुधवारी त्याने आणखी दोनदा फोन केला. प्रत्येक वेळी नवं माणूस, आणि प्रत्येकाला कथा मुळापासून ऐकवायची. एकाने त्याचं अभिनंदन केलं, कारण सतराव्या धड्याला शिकणाऱ्यांनी पाचपैकी पावणेपाच तारे दिले होते. गुरुवारी त्याने करारावरचा पत्ता कागदावर उतरवून घेतला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दोन बस बदलून तो कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला.

काचेची इमारत. चौथ्या मजल्यावर लांबलचक खोली, तिच्यात टेबलंच टेबलं, आणि टेबलांपाशी कानात इयरफोनची बोंडं घालून बसलेली माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दाराशी बसलेल्या बाईने कंपनीचं नाव ऐकून मान हलवली.

"ते इथे बसत नाहीत, काका. इथे सगळी टेबलं भाड्याची आहेत. त्यांचा फक्त पत्ता इथला. पत्रं येतात, आम्ही ठेवतो."

"मग ती कोण घेऊन जातं?"

"आधी एक मुलगा यायचा. सारखा फोनवर सर, सर करायचा." ती हसली. "त्याने नोकरी सोडली वाटतं. तीन-साडेतीन महिने झाले."

तिच्या मागे पत्रांचे खण होते. कंपनीच्या खणात गठ्ठा साठला होता, आणि त्यात मधोमध मिस्त्रीला आपलं अक्षर दिसलं. सही करून पाठवलेला करार. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. चांगलं पोस्टात जाऊन, पोच घेऊन पाठवला होता त्याने. बाईने विचारलं, परत हवंय का? तो नको म्हणाला. मग तिने पाणी दिलं, ते तो उभ्याउभ्याच प्यायला. चार महिन्यांत कंपनीच्या नावाने त्याच्याशी समोरासमोर बोललेली ही पहिली बाई, आणि तीही कंपनीची नव्हती.

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. मिस्त्रीला बायकोची आठवण आली, आणि नेहमीसारखी हळूच नाही आली. ती असती तर त्या मदतकक्षाची तिने धिंड काढली असती. फोन करून करून नाकी नऊ आणले असते, शेवटी त्या मुलीलाच घरी चहाला बोलावलं असतं. आपल्याला यातलं काहीच येत नाही. आपण तिच्या जिवावर तीस वर्षं गप्प बसलो आणि त्यालाच स्वभाव समजलो. त्याला स्वतःची लाज वाटली. एका अनोळखी पोराचा जीव टांगणीला लागलाय, आणि एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायची आपली ऐपत नाही.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे तिच्या कार्यालयात कोणीतरी तिला हाक मारत होतं, तिने "दोन मिनिटं" म्हणून सांगितलं.

"बाबा, धडा पुन्हा रेकॉर्ड करून पाठवता येतो ना?"

"येतो. यंत्रच तपासतं, यंत्रच चढवतं. तासाभरात होतं म्हणे."

"मग झालं की! माणसांच्या नादी लागूच नका. फक्त मध्ये गप्प बसू नका. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला हो बाबा. आई नव्हती का बोलत?"

मग तिला जावं लागलं.

शनिवारी सकाळी त्याने टेबल पुसलं, दिवा लावला आणि जुना मायक्रोवेव्ह पुढ्यात घेतला. ठिणगी दिसायला हवी म्हणून दर खेपेला तो आधी आत पाण्याचा पेला ठेवून मिनिटभर चालवायचा आणि मग प्लग काढायचा. या वेळी त्याने कपॅसिटरचा धोका आधीच तीनतीनदा सांगितला. झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हर उचलला, डावा हात पाठीमागे घेतला आणि सवयीने तोंडाला कुलूप लागलं. धडा पाठवला. तासाभराने चढला. पाहतो तर स्क्रूड्रायव्हर पुन्हा गायब! सांगितलेलं होतं, पण केलेलं दिसत नव्हतं. आणि माणूस ऐकलेलं विसरतो, पाहिलेलं हातात राहतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या खेपेला त्याने आकडे मोजायचं ठरवलं. एक, दोन, तीन. सातावर स्क्रूड्रायव्हर घसरला आणि हात कपॅसिटरला निसटता लागता लागता राहिला. वस्ताद खोटं सांगत नव्हता. मिस्त्री स्टुलावर बसला. तो इथे पडला असता, तर कळायला किती दिवस लागले असते, याचा त्याने हिशेब केला. बहुतेक पुढच्या शुक्रवारपर्यंत, मुलीच्या फोनपर्यंत. तो उठून पाणी प्यायला.

दुपारी त्याने तिसऱ्यांदा लाल ठिपका लावला. सगळं पहिल्यापासून सांगितलं. झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हर उचलला, डावा हात पाठीमागे घेतला. आणि नजर कपॅसिटरवरून न हलवता, मागच्या टेबलावरून काउंटरकडे बोलावं तसा तो बोलू लागला.

"या वेळी आमच्या दुकानात आमची ही गप्प बसायची. एरवी तिचं तोंड म्हणून थांबायचं नाही. पण झाकण निघालं की गप्प. वाक्य अर्धं सोडायची. मग ही अशी दोन टोकं जोडायची, हळू, हात मुठीवरच ठेवायचा... आणि टक झालं की तिचं वाक्य पुढे सुरू. मला सवयच होती. दवाखान्यातही ती बोलता बोलता अशीच थांबली. 'घरी गेलो ना, की आपण...' एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. मी वाट बघत बसलो."

टक.

निळी ठिणगी उडाली. स्वच्छ, दिव्याच्या उजेडातही दिसेल अशी. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, आणि आवाज जरा साफ करून म्हणाला, "आता हात घाला."

तासाभराने धडा चढला. यंत्राने एक सेकंदही कापला नव्हता. कंपनीकडून आपोआप निरोप आला, "अभिनंदन! या धड्यातील संवाद अखंड आहे." मिस्त्रीने शिकाऊ ४१२चा प्रश्न काढला, पहिलं उत्तर शोधलं आणि मन लावून दाबलं. "छान प्रश्न! धडा पुन्हा पाहा."

रविवार काही सरता सरेना. त्याने सगळी हत्यारं तेल लावून पुसली, मग पुन्हा पुसली. पाहिला असेल का धडा? की आपल्याला एकदा बघून कळलं म्हणून सरळ झाकण उघडलं असेल? समजा काही झालंच, तरी त्याला कोण कळवणार? अकराशेतला एक आकडा कमी होईल, आणि कंपनी नवा आकडा आणील. जेवण त्याने नावापुरतं केलं. बाहेर रस्त्यावर मुलं सायकली चालवत होती, त्यांच्या घंटांनी तो दर वेळी फोनकडे बघायचा.

पाच वाजता फोनवर खूण उमटली.

"सर, धडा पुन्हा पाहिला. बरं झालं पाहिला. डावा हात पाठीमागे ठेवला होता. एवढी मोठी ठिणगी पडली की मी किंचाळलेच! शिकाऊ ४१२."

मिस्त्रीने हातातलं फडकं खाली ठेवलं. इतके दिवस तो पोर, पोर म्हणत होता आणि ती होती मुलगी. किंचाळली म्हणजे जिवंत होती. त्याचे डोळे भरून आले, आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत. मग खाली आणखी एक ओळ आली.

"सर, एक विचारू? घरी गेल्यावर काय, ते त्यांचं वाक्य पुढे काय होतं?"

मिस्त्रीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तीन वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. भेटायला आलेल्या माणसांनी नाही, मुलीनेही नाही. तिला तर त्याने हे कधी सांगितलंच नव्हतं. प्रश्नाखाली तीन उत्तरं तयार उभी होती.

त्याने फोन उचलून रोजच्या जागी, दिव्याच्या दांडीला टेकवून उभा केला आणि तो काचेकडे बघून बोलायला लागला. "ते मलाही माहीत नाही, बाळ. मी खूप विचार केला. कधी वाटतं, दुकानाला रंग काढू म्हणणार होती. भिंतींचे पोपडे निघाले होते ना, तिचा फार दिवस धोशा चालला होता. कधी वाटतं, मुलीकडे जाऊन येऊ म्हणाली असती. कधी वाटतं, काहीच नाही, चहा घेऊ एवढंच." तो बोलत राहिला. तिचं अक्षर कसं होतं ते सांगितलं, गिऱ्हाइकाला ती बोटाने कशी गप्प करायची ते करून दाखवलं. मधे थांबला, आठवलं, पुन्हा बोलला. बाहेरच्या सायकली घरी गेल्या.

लाल ठिपका लावलेला नव्हता. ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

सगळं बोलून झाल्यावर त्याने तिन्ही उत्तरं एकदा नीट वाचली, आणि त्यातल्या त्यात खरं होतं ते दाबलं. छान प्रश्न.